एका अक्षराच्या तीन चांदण्या

आजचा भाग घरूनच रेकॉर्ड करतेय, नागपूरच्या प्रतापनगरातून, आणि कूलर बंद करून. मे महिन्यात इथे कूलर बंद करणं म्हणजे काय, ते नागपूरकरांना सांगायला नको. बाकीच्यांनी एवढंच समजा की हा भाग मी घाम पुसत केलाय.

आज इतिहासच आहे, पण जरा वेगळ्या जागेचा. पासवर्ड टाकायची ती छोटीशी जागा असते ना, जिथे आपण टाइप करतो आणि दिसतं काहीच नाही, किंवा नुसते ठिपके, चांदण्या... त्या जागेचा. ती कुठून आली, तिथे भल्याभल्यांनी काय चुका केल्या, आणि त्यातली एक चूक माझ्या हातून कशी झाली. माझ्या चुकीमुळे माझ्या बाबांना वाटायला लागलं होतं की आपली स्मरणशक्ती चालली. मला हे तीन आठवडे कळलंही नव्हतं.

तर आधी घरची गोष्ट.

बाबा निवृत्त शिक्षक. विषय मराठी. शाळेत एकदम प्रमाण भाषा आणि घरी आले की 'काय करून राहिली तू?'. पासवर्डला ते आजही 'परवलीचा शब्द' म्हणतात. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. त्याला ना बटणं, ना चित्रं. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची, परवलीचा शब्द द्यायचा, की आतली गुपितं उघडतात. पेन्शनचं लॉगिन, बँकेचे एफडी नंबर, आईच्या मेडिक्लेमचा तपशील, सगळं त्यात. आम्ही घरात त्याला तिजोरी म्हणायचो. बाबांना ही काळी खिडकी फार आवडली. फळ्यासारखी दिसते म्हणाले.

परवलीचा शब्द त्यांनी अर्थातच मराठीत ठेवला. आता तो बदललाय, म्हणून सांगायला हरकत नाही: 'सातपुड्याच्या दऱ्या'.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "एक अक्षर दाबलं की तीन चांदण्या काहून येऊन राहिल्या?" मी मोबाइलमधून डोकंही वर न काढता म्हणाले, "सिक्युरिटी आहे ती, बाबा." (हो, हसा. मीही आता हसते.)

दोन वर्षांनी जुना डेस्कटॉप बंद पडला. मी नवा लॅपटॉप आणला, तिजोरीची फाइल त्यावर टाकली, आणि उच्चारावरून मराठी टाइप होणारा कीबोर्ड बसवून दिला. त्याच आठवड्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं. बाबा पॉलिसीचा नंबर काढायला बसले, तर तिजोरी उघडेना. एकदा, दोनदा, दहादा. मी ऑफिसमधून फोनवर जे म्हणाले ते मला अजून आठवतं: "तुम्ही विसरला असाल. आणि सांगितलं होतं ना, पासवर्ड इंग्रजीत ठेवा म्हणून."

नंबर एजंटकडून मिळाला, ऑपरेशन नीट झालं, आणि मी तिजोरीचं विसरून गेले.

आता इथे थांबून जरा मागे जाऊ. बरंच मागे.

१९६१ चा नोव्हेंबर. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूने सीटीएसएस नावाची व्यवस्था दाखवली. एकच मोठा संगणक, आणि तो अनेक जण एकाच वेळी वापरतायत. तोवर संगणक म्हणजे रांग लावून एकाने आपली कार्डं द्यायची, मग दुसऱ्याने. आता अनेक जण आले म्हणजे माझी फाइल वेगळी, तुझी वेगळी, म्हणजे कुलूप आलं. संगणकावरचा पासवर्ड इथे घरोघरचा व्हायच्या वाटेला लागला.

आणि लगेच फुटलाही! १९६२ मध्ये ॲलन शेर नावाचा पीएचडीचा विद्यार्थी होता. त्याला आठवड्याला संगणकाचे मोजकेच तास मिळायचे, आणि ते पुरेनात. फाइल छापून हवी असेल तर एका कार्डावर तिचं नाव भोकं पाडून द्यायचं, अशी सोय होती. त्याने सगळ्यांच्या पासवर्डच्या फाइलचं नाव दिलं. फाइल छापून आली. झालं. त्याने कुठलंही कुलूप तोडलेलं नाही बरं का. यंत्राला जे सरळ विचारलं ते यंत्राने सरळ दिलं.

त्याच व्यवस्थेतला दुसरा किस्सा कोर्बातोंनी स्वतःच नंतर ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितला. मजकूर बदलायचा जो एडिटर होता तो काम करताना एक तात्पुरती फाइल बनवायचा, आणि तिचं नाव नेहमी एकच. एके दिवशी एक व्यवस्थापक पासवर्डची फाइल दुरुस्त करत होता, आणि त्याच वेळी दुसरा 'आजची सूचना' लिहीत होता. तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली. मग जो जो लॉगिन करेल त्याच्यासमोर सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड. मला हा किस्सा आवडतो, कारण दोघांपैकी कोणीही काही चुकीचं केलं नव्हतं. एका वेळी एकच माणूस एडिटर वापरेल असं तो लिहिणाऱ्याने गृहीत धरलं होतं, एवढंच.

बरं, पासवर्ड लपवायचा कसा हा प्रश्न तेव्हा फार ठोस होता. पडदे नव्हतेच. टेलिटाइप होते, म्हणजे टाइपरायटर आणि कागदाची गुंडाळी. तुम्ही दाबलेलं प्रत्येक अक्षर कागदावर उमटायचं. आपण दाबलेलं अक्षर संगणक आपल्याला परत दाखवतो, त्याला 'एको' म्हणतात, प्रतिध्वनी. पासवर्डच्या वेळी तो बंद करायचा. पण काही टर्मिनल स्वतःच छापायचे, संगणकाचं ऐकायचेच नाहीत. मग तिथे संगणक आधीच एकावर एक अक्षरं मारून काळं डबोलं छापून ठेवायचा आणि त्या डबोल्यावर तुम्ही पासवर्ड टाइप करायचा. आपल्या फोनमधल्या ठिपक्यांचे पूर्वज म्हणजे हे डबोलं असं मी म्हणेन.

पुढे युनिक्स आलं. बेल लॅब्समधले रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये पासवर्डच्या सुरक्षेवर एक लेख लिहिला, जो आजही शिकवला जातो. पासवर्ड जसाच्या तसा न ठेवता त्याचं उलट न फिरवता येणारं रूप ठेवायचं, आणि त्यात थोडं 'मीठ' टाकायचं, म्हणजे दोघांचे पासवर्ड सारखे असले तरी साठवलेलं रूप वेगळं दिसेल. हुशारीच. पण त्या युनिक्समध्ये पासवर्डचे फक्त पहिले आठ बाइट धरले जायचे. पुढचं तुम्ही कितीही टाइप करा, कचरा.

इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, त्यामुळे आठ अक्षरं. ठीक. आता आपली देवनागरी. आज सगळीकडे जी यूटीएफ-८ पद्धत आहे तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. न म्हणजे २२४, १६४, १६८. काना म्हणजे २२४, १६४, १९०. हो, काना वेगळा, वेलांटी वेगळी, पाय मोडायचं चिन्ह वेगळं. 'ना' झाले सहा बाइट. उरले दोन. पुढच्या चिन्हाचे पहिले दोन बाइट बघा: नागपूरच्या ग चे २२४, १६४. नाशिकच्या श चे २२४, १६४. नांदेडच्या अनुस्वाराचेही २२४, १६४. फरक असतो तो तिसऱ्या बाइटमध्ये, आणि तिथपर्यंत आपण पोचतच नाही.

म्हणजे त्या पद्धतीच्या कुलपाला नागपूर, नाशिक आणि नांदेड हा एकच पासवर्ड! रात्री दोन वाजता हे मी वहीवर मांडून बघितलं आणि मोठ्याने हसले, तर आई उठून आली.

गंमत म्हणजे यूटीएफ-८ ही पद्धतसुद्धा त्याच केन थॉम्पसनची, रॉब पाइकबरोबर. १९९२ च्या सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीतल्या एका साध्या खानावळीत, टेबलावरच्या कागदी मॅटवर मांडलेली. मला त्यांना दोष द्यायचा नाहीये. १९७९ मध्ये त्यांच्यासमोर इंग्रजीच होती. पण लक्षात घ्या, 'एक अक्षर म्हणजे एक बाइट' हे कोणी नियम म्हणून लिहिलं नव्हतं. ते न लिहिताच धरलेलं होतं, आणि म्हणूनच पुढची चाळीस वर्षं ते टिकलं. माझ्या प्रोग्राममध्येही.

त्या काळात इकडे काय चाललं होतं? १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट कीबोर्ड ठरवला. पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिप्या संगणकावर आणायचं मोठं काम केलं. १९९१ मध्ये इस्की हे मानक आलं, आणि युनिकोडने देवनागरी घेतली ती इस्कीच्याच पायावर. बाबांनी निवृत्तीनंतर इनस्क्रिप्टच शिकलं, हट्टाने, कारण त्यात 'ऱ' ला स्वतःची जागा आहे. जे च्या कळीवर र, आणि शिफ्ट दाबलं की ऱ.

हा ऱ म्हणजे मराठीचा जीव की प्राण. आठवीत बाबा शिकवायचे: 'आचार्यांना बोलवा' म्हणजे गुरुजींना बोलवा, 'आचाऱ्यांना बोलवा' म्हणजे स्वयंपाक्यांना. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. पंगतीच्या दिवशी घोळ झाला तर भारी पडेल. हिंदीला या फरकाचं काही पडलेलं नाही, आपल्याला आहे.

आणि माझा घोटाळा नेमका इथेच बसला होता. युनिकोडमध्ये हा 'दऱ्या' मधला आडवा अर्धा र लिहायच्या दोन रीतसर वाटा आहेत. पहिली इस्कीकडून आलेली: ऱ, मग पाय मोडायचं चिन्ह, मग य. दुसरी युनिकोडच्या जुन्या आवृत्तीतून आलेली: साधा र, पाय मोडायचं चिन्ह, मग एक अदृश्य जोडणारं चिन्ह, मग य. या चिन्हाला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. रुंदी शून्य. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, छापले तरी सारखे. आत मात्र वेगळे बाइट.

आता परत घरी येऊ.

तीन आठवड्यांनी एका रविवारी तर्री पोहे आणायला गेले, परत आले तर आई स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली, "बाबांशी जरा बोल." म्हणे ते रोज सकाळी डोळे मिटून १९९४ च्या दहावीच्या वर्गाची हजेरी म्हणतात, क्रमाने, मनातल्या मनात. एखादं नाव अडलं तर दिवसभर गप्प. मोठ्या काकांना शेवटी शेवटी विसरायचा आजार झाला होता. बाबांना वाटत होतं आता आपली पाळी. सुरुवात कुठून झाली? परवलीच्या शब्दापासून. दोन वर्षं रोज टाइप केलेला शब्द, आणि मुलगी म्हणते तुम्ही विसरलात.

मी बाबांसमोर जाऊन बसले. काय बोलावं कळेना. तेच म्हणाले, "एक दाखवू का तुला? हसशील." आणि त्यांनी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढून त्याची मागची बाजू दाखवली. तिथे पेन्सिलने लिहिलं होतं, ५५.

"हे काय?"

"चांदण्या. अक्षरं दिसत नाहीत, मग बरोबर टाइप झालं की नाही कसं कळावं? मी मोजायचो. पंचावन्न आल्या की एंटर. आता नव्या लॅपटॉपवर अठ्ठावन्न येऊन राहिल्या. दर वेळी अठ्ठावन्न. म्हणून वाटते की मी काहीतरी जास्तीचं टाकतो, पण काय ते सापडत नाही."

मंडळी, मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. आणि माझ्या प्रोग्रामचा बग माझ्या आधी शोधून काढला होता एका निवृत्त मराठीच्या मास्तरांनी, पेन्सिलने.

तीन जास्त. तीन बाइट म्हणजे एक चिन्ह. मी त्यांना साध्या फाइलमध्ये तो शब्द टाइप करायला सांगितला आणि त्यातले बाइट छापून बघितले. शेवटच्या य च्या आधी तो बसलेला: २२६, १२८, १४१. झिरो विड्थ जॉइनर. जुन्या इनस्क्रिप्टवर बाबा खरा ऱ टाइप करायचे. नवा उच्चाराचा कीबोर्ड दुसऱ्या वाटेने जात होता. बाबा काही विसरले नव्हते. एकही अक्षर नाही. (तपासून झाल्यावर ती फाइल पुसली हो, घाबरू नका.)

दुरुस्ती करायला बसले तेव्हा वाटलं अर्ध्या तासाचं काम. युनिकोडमध्ये एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या रूपांना एका रूपात आणायची ठरलेली पद्धत आहे, एनएफसी. ऱ ऐवजी कोणी र आणि खाली नुक्ता असं दिलं, तर ती त्याचा ऱ करून देते. पण अदृश्य जोडणाऱ्याला ती हातही लावत नाही. आणि 'ॲप' मधला ॲ? हे अक्षर युनिकोडमध्ये आलंच २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. त्याआधी लोक अ वर अर्धचंद्र द्यायचे. दिसायला दोन्ही सारखे, आणि एनएफसीच्या लेखी दोन्ही कायमचे वेगळे.

मग इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्यांनी काय केलंय ते बघितलं. २००५ चा एक नियम होता, सॅस्लप्रेप. तो पासवर्डमधली अदृश्य चिन्हं सरळ उडवून टाकायचा. वाटतं सोपं आहे. पण जोडणारा उडवला की दऱ्या चा होतो दर्या! डोंगर गेले, समुद्र आला. शिवाय तो नियम युनिकोडच्या ३.२ आवृत्तीला बांधलेला, म्हणजे नंतर आलेला ॲ त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. २०१५ मध्ये तो बदलला. नवा नियम जोडणारं चिन्ह राहू देतो, पण आपली दोन सारखी दिसणारी रूपं एक करत नाही. म्हणजे मराठीपुरतं हे काम मराठी लिहिणाऱ्यानेच करायचं. मी तेवढ्या दोनच ओळी लिहिल्या: र-पाय-जोडणारा दिसला की ऱ-पाय कर, आणि अ-अर्धचंद्र दिसला की ॲ कर. बाकी कशालाही हात लावू नको.

पण अडचण होती. कुलूप आधीच बसलेलं आहे. आत काय आहे ते मलाही वाचता येत नाही, तेच तर तिजोरीचं काम. मी उद्यापासून सगळ्यांचा परवलीचा शब्द 'शुद्ध' करायला लागले, तर ज्यांनी दुसऱ्या रूपात कुलूप लावलंय ते कायमचे बाहेर. बाबांसारखेच, पण यावेळी माझ्या दुरुस्तीमुळे. म्हणून प्रोग्राम आधी जसं टाइप केलंय तसंच लावून बघतो. नाही उघडलं तर सारखं दिसणारं दुसरं रूप. उघडलं की किल्ली नव्या रूपात परत गुंडाळून ठेवतो. मुद्दाम हळू चालणारं कुलूप आहे, त्यामुळे एकदोन सेकंद जास्त जातात. जाऊ देत.

त्याच रात्री चांदण्यांचा भाग उघडला आणि दुसरा बग दिसला, आणि हा जास्त वाईट होता. मी इनपुट एकेक बाइट वाचत होते, म्हणून एका अक्षराला तीन चांदण्या. आणि बॅकस्पेस दाबला की मी एकच बाइट खोडत होते. म्हणजे कोणी चुकून क टाइप केला आणि खोडला, तर त्याचे दोन तृतीयांश मागे राहायचे.

बॅकस्पेस ही साधी कळ नाहीये. २०१५ च्या डिसेंबरमध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या तंत्रविद्यापीठातल्या दोन संशोधकांनी, हेक्टर मार्को आणि इस्माएल रिपोल यांनी, दाखवलं की लिनक्स सुरू करणाऱ्या ग्रब नावाच्या प्रोग्राममध्ये लॉगिनच्या जागी २८ वेळा बॅकस्पेस दाबला की कुलूप ओलांडता येतं. खोडायला काही उरलंय का हे तपासायचं राहून गेलेलं. मोजणी शून्याच्या खाली गेली. कित्येक वर्षं तो बग तसाच पडून होता. चांदण्याही निर्धोक नाहीत: सुडो या आज्ञेत पासवर्डच्या चांदण्या दाखवायची एक सोय आहे, तिच्यातच २०२० च्या सुरुवातीला मोठं भगदाड उघडकीला आलं. मुद्दाम लांबच लांब पासवर्ड दिला की ठरलेल्या जागेबाहेर मजकूर सांडायचा.

आणि देवनागरीचं बॅकस्पेस तर लिनक्सला २००४ च्या सुमाराला शिकवावं लागलं. टर्मिनलला सांगायचं की येणारा मजकूर यूटीएफ-८ आहे, म्हणजे तो खोडताना पूर्ण चिन्ह खोडतो. पण दूरच्या संगणकावर एसएसएचने गेलात तर हा निरोप पलीकडे पोचवायची ठरलेली रीतच नव्हती. ते मानक आलं २०१७ मध्ये! म्हणजे त्याआधी दूरच्या यंत्रावर मराठीत काही खोडलं आणि ते नीट खोडलं गेलं नाही, तर दोष तुमचा असायची गरज नव्हती. कोणी सांगितलं का कधी? आम्हाला तर एवढंच सांगितलं जायचं की पासवर्ड इंग्रजीत ठेवा. मीही तेच सांगत होते.

एक प्रश्न मात्र मला बराच वेळ पडला होता. खोडायचं ते काय? बॅकस्पेसने 'ड्या' मधला काना खोडायचा, की अख्खा 'ड्या'? दिसत असतं तर काना पुरला असता. पण इथे दिसतच नाही. काय उरलं, ड्य की ड्, हे माणसाने डोक्यात धरून ठेवायचं का? म्हणून मी अख्खं अक्षर खोडते. अक्षर कुठे संपतं हे ठरवायचे युनिकोडचे नियम आहेत, पण २०२३ च्या सप्टेंबरमधल्या १५.१ आवृत्तीपर्यंत त्यांच्या लेखी 'क्ष' हे दोन तुकडे होते. मराठीच्या पहिलीतल्या पोराला माहीत असलेली गोष्ट मानकात यायला २०२३ उजाडलं.

अजून एक कबुली. आधी मी आत ठेवलेल्या गुपितांनाही 'स्वच्छ' करत होते. पुढची-मागची मोकळी जागा कापायची, शेवटची नवी ओळ काढायची. कारण कमांड लाइनवर एको नावाच्या आज्ञेने काही पाठवलं की ती मागे एक नवी ओळ चिकटवते, आणि लोक तासन्‌तास शोधत बसतात की पासवर्ड बरोबर असून चालत का नाही. हेतू चांगला होता. पण काही किल्ल्यांच्या फाइलींना ती शेवटची ओळ लागतेच, नाहीतर त्या उघडत नाहीत. आता नियम सोपा केलाय. कुलपावर माणूस जे बोटांनी टाइप करतो त्यात मी त्याला सांभाळून घेईन. तिजोरीत जे ठेवायला दिलं ते जसंच्या तसं परत देईन, एक बाइटही न हलवता. दुसऱ्याच्या घरातली कपाटं आवरायची नसतात.

पहाटे साडेचारला काम संपलं. बाबा उठलेच होते, बाहेर अंगणात झाडांना पाणी घालत होते, कारण सहानंतर ऊन सुरू. मी लॅपटॉप घेऊन गेले.

त्यांनी चष्मा लावला. एकेक अक्षर बघून टाइप केलं. मी बाजूला उभी. एंटर दाबायच्या आधी ते थांबले आणि बोटाने पडद्यावर मोजायला लागले. "आठच आल्या."

"सा, त, पु, ड्या, च्या. मग द, ऱ्या. किती झाले?"

"सात."

"आणि मधली जागा."

"जागेचीही धरली होय. बरोबर आहे." एंटर. तिजोरी उघडली.

त्यांनी काही विशेष केलं नाही. आईच्या पॉलिसीचा नंबर वाचला, पेन्शनचं लॉगिन बघितलं, बंद केलं, परत उघडलं. तिसऱ्यांदा उघडून झाल्यावर कॅलेंडरच्या मागचे ५५ खोडले आणि तिथे ८ लिहिले. मग लॅपटॉप स्वतःकडे वळवून म्हणाले, "हा शब्द आता तुला माहीत झाला. बदलतो. तू तिकडं बघ."

मी तिकडे बघितलं. बराच वेळ टाइप करत होते. नव्या शब्दाच्या किती चांदण्या ते मला माहीत नाही, पण ऱ आहे नक्की, कारण मध्येच शिफ्टची कळ जोरात वाजली. उच्चाराचा कीबोर्ड काढून त्यांनी इनस्क्रिप्ट परत बसवून घेतलाय.

चला, कूलर लावते आता.